गोव्यातली गुलामी १७६१ साली संपली नाही, १८६९ सालीही नाही

मुक्तिदिन जवळ आला की गोव्यातल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक मजकूर फिरू लागतो. त्याचा सारांश असा: गोव्यात खरी गुलामी कधी नव्हतीच. श्रीमंतांकडे थोडे हबशी चाकर होते आणि ते घरच्यासारखे राहात. तेव्हा जगभर तेच चालत असे. पोर्तुगालने तर १७६१ सालीच, इंग्रजांच्या आधी, गुलामी बंद केली. आणि आज जे परप्रांतीय मजूर येतात ते उचल घेऊन राजीखुशीने येतात, त्याला वेठबिगारी म्हणणे म्हणजे गोव्याची बदनामी. यातले एकेक विधान तपासून पाहू.

“थोडे हबशी चाकर होते”

आपण रोज वापरतो तो ‘लिलाव’ हा शब्द पोर्तुगीज ‘लेलांव’वरून आला. १५८३ साली आर्चबिशपच्या पदरी गोव्यात आलेल्या लिन्सखोतेन या डच माणसाने हा लेलांव पाहून लिहून ठेवला आहे. आजच्या जुन्या गोव्यातला रुआ दिरेइता हा मुख्य रस्ता, सणवार सोडून रोज सकाळी सात ते नऊ, ऊन चढायच्या आत. अरबी घोडे, कापड, दागिने आणि त्याच रांगेत माणसे: बाप्ये, बाया, म्हातारे, पोरे. गुरे विकावीत तशी ती विकली जात, असे तो म्हणतो. आणि ती सगळी हबशी नव्हती. मोझांबिकमधून आणलेले होते, तसे बंगालचे, मलायाकडचे, चीनचे आणि जपानचेही होते. जपानी माणसांना गुलाम करू नये असा हुकूम पोर्तुगालच्या राजाला १५७० साली काढावा लागला, यावरून हा व्यापार किती पसरला होता ते कळते.

“घरच्यासारखे राहात”

लिन्सखोतेनच सांगतो की मालक गुलामांना कमवायला बाहेर धाडत. बायका मिठाई, लोणची, भरतकाम घेऊन रस्त्यावर विकायला बसत आणि आलेला पैसा मालकाच्या हाती जाई. घरातल्या माणसाच्या कमाईवर कुणी असा हक्क सांगत नाही. घाट ओलांडून गेलात तर दुसरा पुरावा आजही भेटतो. उत्तर कन्नडमधल्या यल्लापूर, हळियाळच्या रानात आफ्रिकी वंशाच्या सिद्दी लोकांच्या वस्त्या आहेत. त्यांच्या पूर्वजांपैकी बरेच जण गोव्यातून पळून गेलेले गुलाम होते, आणि त्यांच्या बोलीत अजून कोकणी आहे. सुखात असलेला माणूस पावसाळी घाटात, अनोळखी जंगलात जीव घेऊन पळत नाही.

“तेव्हा जगभर तेच चालत असे”

चालत असे, पण सगळ्यांनी ते मुकाट मान्य केले नव्हते. १६७७ साली शिवाजी महाराजांनी डचांना दिलेल्या कौलात स्पष्ट लिहिले आहे की पूर्वीच्या राजवटीत तुम्हांला या मुलखात बायकापुरुष गुलाम विकत घेता येत होते, आता येणार नाहीत. मात्र हे सांगून आपण मोकळे होऊ शकत नाही. पुढे पेशवाईत बटकी आणि कुणबिणी, म्हणजे घरकामाच्या दासी, विकत घेतल्याच्या, बक्षीस दिल्याच्या नोंदी मराठी दफ्तरांतच सापडतात. त्या लपवून पोर्तुगिजांकडे बोट दाखवणे आम्हांला पटत नाही.

“१७६१ साली बंद केली”

१७६१ चा हुकूम होता फक्त युरोपातल्या पोर्तुगालपुरता. बाहेरून आणलेला गुलाम त्या भूमीवर उतरला की मोकळा, एवढाच त्याचा अर्थ. गोवा त्यात नव्हता. वसाहतींतून गुलाम बाहेर नेऊन विकायला बंदी आली १८३६ साली, गुलामांची सक्तीची नोंदणी १८५४ साली आणि गुलामी उठवणारा हुकूम २५ फेब्रुवारी १८६९ रोजी. त्यातही सुटलेल्या माणसाने ‘लिबेर्तो’ म्हणून जुन्या मालकाकडेच १८७८ पर्यंत राबायचे होते. १८७५ च्या कायद्याने ही मुदत अलीकडे आणली, पण कराराने काम करण्याची सक्ती ठेवलीच. इंग्रजांच्या आधी म्हणावे तर कंपनी सरकारचा पाचवा कायदा १८४३ चा, म्हणजे गोव्याच्या सीमेपलीकडे गुलामीची कायदेशीर मान्यता २६ वर्षे आधी गेली होती.

आफ्रिकेतल्या पोर्तुगीज वसाहतींत १८९९ च्या नियमांनी ‘काम करणे हे देशी माणसाचे कर्तव्य’ ठरवून सक्तीची मजुरी चालू ठेवली. साओ तोमेच्या कोको मळ्यांतले ‘करारी’ मजूर प्रत्यक्षात गुलामच आहेत म्हणून कॅडबरीने १९०९ साली तिथला कोको घेणे थांबवले. नाव बदलले, काम तेच राहिले. आपल्याकडे याचे वेगळे रूप होते. भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीवर खोप बांधून राहणारा मुंडकार राखण करी, नारळ उतरवी, भाटकाराच्या घरी कार्य असले की राबायला जाई, आणि नाही म्हटले तर घर जाण्याची भीती. १९७५ च्या मुंडकार कायद्यात मुंडकाराची व्याख्याच ‘भाटकाराची सेवा करण्याचे बंधन असो वा नसो’ अशी आहे. असे बंधन नसतेच, तर कायद्याला तो उल्लेख करावा लागला नसता.

“उचल घेऊन राजीखुशीने येतात”

आजच्या मजुराचे नुकसान सर्वांत जास्त याच वाक्याने होते. मासेमारीचा हंगाम घ्या. १ जून ते ३१ जुलै बंदी, १ ऑगस्टला ट्रॉलर सुटतात. मालीम, कुटबण, खारवीवाडा इथल्या जेटींवरचे बहुतेक खलाशी बाहेरच्या राज्यांतले. मुकादम गावी उचल देतो, आधार कार्ड ठेवून घेतो, आणि पगाराचा हिशेब मे महिन्यात होईल असे ठरते. समजा उचल २०,००० आणि महिना १२,०००. दर महिन्याला खर्चीला २,००० मिळतात. खलाशी जानेवारीअखेर घरी जातो म्हणाला, तर सहा महिन्यांचे ७२,००० झाले. उचल आणि १२,००० खर्ची वजा करता ४०,००० त्याचे येणे निघतात. पण उत्तर मिळते, ‘हंगाम मोडलास, आता हिशेब नाही, उलट उचल टाकून जा.’ देणेकरी मालक आहे, आणि ऋणको म्हणून वागवला जातो मजूर.

१९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याला साखळदंड लागत नाहीत. उचलीच्या बदल्यात किमान वेतनाहून कमी मजुरी, दुसरीकडे काम करायला मज्जाव, किंवा जायला-यायला बंदी, यातली एक गोष्टही पुरते. कलम ६ प्रमाणे अशी उचल फेडण्याची जबाबदारीच संपते, कलम १५ प्रमाणे ती वेठबिगारीची उचल नाही हे सिद्ध करायचे ओझे मालकावर. किमान वेतनाहून कमी पैशांत करून घेतलेले काम ही घटनेच्या कलम २३ खालची सक्तीची मजुरी आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ च्या एशियाड प्रकरणात, म्हणजे एशियाड खेळांच्या बांधकामावरच्या मजुरांच्या खटल्यात, सांगितले. खलाशी पहिल्या दिवशी हसत आला होता की रडत, याने काहीही फरक पडत नाही.

प्रकरणे फसतात ती अंमलबजावणीत. तक्रार जिल्हाधिकारी किंवा उपजिल्हाधिकाऱ्याकडे लेखी द्यावी. त्यात उचलीची रक्कम, तारीख, कुणी दिली, कागदपत्रे कुणाकडे आहेत आणि आतापर्यंत हाती किती पडले हे पाच तपशील हवेत. बोटीचा नोंदणी क्रमांक टिपून ठेवावा, कारण मालकाचे नाव खलाशांना बहुधा ठाऊक नसते, त्यांना फक्त तांडेल, म्हणजे बोटीवरचा म्होरक्या, माहीत असतो. जबाब मालक आणि मुकादम यांच्या गैरहजेरीत, मजुराच्या भाषेत घ्यायला लावावा. जेटीवर सगळ्यांसमोर विचारले की प्रत्येक जण ‘सगळे ठीक’ म्हणतो.

यानंतर होणारी चूक सर्वांत महागात पडते. अधिकारी हा पगाराचा वाद समजून तडजोड लावतात, थोडे पैसे देववतात आणि त्याच रात्री मजुरांना रेल्वेत बसवतात. मुक्ती प्रमाणपत्र, म्हणजे वेठबिगारीतून सुटल्याचा सरकारी दाखला, निघतच नाही. ते नसले की केंद्राच्या योजनेतली ३०,००० ची तातडीची मदत नाही आणि पुढच्या एक ते तीन लाखांच्या पुनर्वसनाचा दावाही उभा राहात नाही. मोठी रक्कम खटल्याच्या निकालाशी जोडलेली असल्याने वर्षे जातात, पण तातडीच्या मदतीला निकालाची वाट पाहावी लागत नाही. म्हणून प्रत्येकाच्या हातात स्वतःच्या नावाचे, सही-शिक्क्याचे प्रमाणपत्र पडल्याशिवाय, आणि त्याची एक प्रत गावाकडच्या जिल्हाधिकाऱ्याकडे रवाना झाल्याशिवाय, मजुरांना गाडीत बसवू देऊ नये.