"घरी खोललं की गाडी भंगारात": फिरत्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

सध्या नाशिकच्या जुन्या गाडीवाल्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. खाली नाव नाही, फक्त "जनहितार्थ". मजकूर थोडक्यात असा: इंजिन एकदाच बांधलं जातं, ते कारखान्यात, खोललेलं इंजिन परत पहिल्यासारखं होत नाही. घरी करायचं तर लाखोंची मशिनरी लागते, बेअरिंग बसवायलाही प्रेस लागतेच. जुन्या गाड्यांचे पार्ट मिळत नाहीत. धूर मारायला लागली की इंजिन गेलंच समजा. इंजिन खोललं तर व्हिंटेज दर्जा रद्द होतो. आणि एवढं सांगूनही कुणी बांधलंच, तर जाड ऑइल घालून स्टँडवर दोन तास मंद चालू ठेवा, म्हणजे ते 'सेट' होतं.

यातला मशिनरीचा मुद्दा अर्धा खरा आहे. बाकीचं वाचून माणसं चांगल्या गाड्या कोपऱ्यात गंजत ठेवतात किंवा कवडीमोलाने विकून टाकतात, म्हणून हे उत्तर.

"इंजिन एकदाच बांधलं जातं" हे कारखान्यालाच मान्य नव्हतं. बीडाच्या (कास्ट आयर्नच्या) सिलिंडरची जुनी बुलेट ३५० घ्या. बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ७० मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) ९०, एकूण ३४६ सीसी. या गाडीला मूळ मापापेक्षा २० थाऊ आणि ४० थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) मोठे पिस्टन मिळत आलेत. यामाहा आरएक्स १००चे पिस्टन पाव-पाव मिलिमीटरच्या टप्प्यांनी वाढत जातात. सिलिंडर झिजणार, तो बोअर होणार (आतून कापून मोठा केला जाणार) आणि त्यात मोठा पिस्टन बसणार, हे इंजिन बनवणाऱ्यांनी आधीच धरलं होतं. सर्व्हिस मॅन्युअलमध्ये कुठला भाग किती झिजला की बदलायचा याचे आकडे असतात. खोलायचंच नसतं तर ते आकडे छापले कशाला?

राहिलं "पहिल्यासारखं". इंजिन पहिल्यासारखं असतं ते मापाने. पिस्टन ॲल्युमिनियमचा, बॅरल म्हणजे सिलिंडरचं नळकांडं बीडाचं. तापल्यावर ॲल्युमिनियम बीडाच्या जवळपास दुप्पट फुगतं. म्हणून दोघांमध्ये थंड असताना ठरावीक फट ठेवावी लागते. कमी ठेवली तर गाडी चढावर जाम होते, जास्त ठेवली तर पिस्टन खडखडतो. ही फट बरोबर आली तर सिलिंडरला तो कारखान्यात बोअर झाला की सातपूरच्या एमआयडीसीत, याने काही फरक पडत नाही. गॅरेजमधून 'फुल इंजिन' करून आलेल्या गाड्या पुन्हा महिन्यात धूर मारतात, त्यामागे बहुतेकदा हेच असतं: कुणी मापलंच नाही.

आता मशिनरीचा मुद्दा. बोअरिंग आणि होनिंग (बोअर दगडाने घासून बारीक रेषा पाडणं) घरी होत नाही. क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतो तो दांडा) प्रेसवर सोडवून नवा कॉनरॉड (पिस्टन आणि क्रँक जोडणारा दांडा) बसवणं, मग डायल गेज लावून दोन्ही टोकं काही शतांश मिलिमीटरच्या आत एका रेषेत आणणं, हेही घरी होत नाही, आणि करूही नये. हातोड्याने क्रँक 'सरळ' करून देणारे भेटतात, त्यांना दुरून नमस्कार करावा. मेसेज इथपर्यंत बरोबर आहे. पण घरी इंजिन बांधणारा कोणीही ही मशीन विकत घेत नाही. तो बॅरल पिशवीत घालून सातपूर किंवा अंबडला जातो. ज्या शहरात मायको (आताची बॉश) कंपनीच्या नावाचं मायको सर्कल हे चौकाचं नाव आहे, जिथे इंजेक्टरच्या नॉझलवर मायक्रॉनमध्ये काम करून माणसं रिटायर झाली, तिथे चांगला लेथवाला आणि मापं कळणारा शेजारी शोधायला फार लांब जावं लागत नाही.

घरी करायचं असतं ते खोलणं, धुणं, मापणं आणि परत जोडणं. यातलं मापणं सगळ्यात महत्त्वाचं, आणि त्यालाही लाखो लागत नाहीत. सिलिंडर वरच्या बाजूला, जिथे पिस्टनची रिंग (त्याच्याभोवतीचं फट बंद करणारं कडं) वळते तिथे, जास्त झिजतो. खाली जवळजवळ मूळ मापाचा राहतो. बोअर गेज असेल तर वर, मध्ये, खाली, आणि प्रत्येक ठिकाणी आडवं-उभं, अशी सहा मापं घ्या. नसेल तर एक जुना हिशेब आहे. रिंग बॅरलमध्ये एकटी घाला, पिस्टनच्या डोक्याने ढकलून सरळ बसवा आणि तिच्या दोन टोकांमधली फट फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पात्यांनी) मोजा. एकदा खाली, एकदा वर. दोन मापांतल्या फरकाला ३.१४ने भागलं की व्यासातला फरक मिळतो. फट ०.३१ मिलिमीटरने वाढली म्हणजे बोअर ०.१ने झिजलाय. फीलर गेज शे-दोनशे रुपयांत येतो. नव्या रिंगची फटही अशीच तपासायची. बोअरच्या दर इंचाला साधारण ४ थाऊ हा जुना ठोकताळा, म्हणजे बुलेटला ११ थाऊच्या आसपास.

लेथवर जाताना हे आकडे कागदावर हवेत आणि नवा पिस्टन सोबत हवा. आधी पिस्टन, मग बोअर. "४० थाऊने बोअर करून द्या" म्हणालात तर तो ४० थाऊ करून देईल, आणि बाजारातला पिस्टन डब्यावर ४० छापूनही थोडा कमी-जास्त निघेल. "हा पिस्टन, याच्या स्कर्टवर, म्हणजे खालच्या भागावर, इतकी फट" असं सांगितलं की जबाबदारी स्पष्ट होते. चांगला कारागीर असं सांगणाऱ्यावर चिडत नाही, उलट चहा मागवतो.

बॅरल घरी आलं की ते पेट्रोलने पुसून बसवतात, आणि नव्या रिंगा खाणारी खरी चूक ही असते. होनिंगच्या दगडाची पूड धातूच्या रेषांमध्ये अडकते. पेट्रोल ती तिथेच ठेवून उडून जातं. गरम पाणी, साबण आणि ब्रश घेऊन घासा, अगदी ताकाचा माठ घासतात तसं, लगेच कोरडं करा आणि ऑइल लावलेलं पांढरं फडकं फिरवा. फडकं करडं आलं तर परत घासा. श्रावणात हे काम करत असाल तर ऑइल लावायला पाच मिनिटंही उशीर नको, नाशिकच्या त्या हवेत ताजा बोअर रात्रीत तांबूस होतो.

हत्यारांपैकी काही मात्र गाडीप्रमाणे खास लागतात. मॅग्नेट ओढून काढणारा पुलर त्याच गाडीचा हवा; स्क्रूड्रायव्हर घालून उचकटलं तर केसिंग (इंजिनाची बाहेरची पेटी) फुटतं. जुन्या बुलेटवर बऱ्याच ठिकाणी ब्रिटिश आटे आहेत, त्यावर मेट्रिक पाना चढवला की नटाचे कोपरे जातात. तिच्या ऑइल पंपाला फिरवणारा क्रँकच्या टोकावरचा वर्म नट उलट्या आट्यांचा असतो. हे माहीत नसलेला माणूस तो सोडवतोय असं समजून आवळत राहतो, आणि मग छिन्नी येते. जपानी गाड्यांचे चौफुली स्क्रू नेहमीच्या फिलिप्ससारखे दिसतात, पण त्यांच्या खाचेचा आकार थोडा वेगळा असतो. इम्पॅक्ट ड्रायव्हर आणि योग्य बिट नसेल तर एका संध्याकाळी सगळी डोकी गोल होतात. एवढं सगळं मिळून काही हजारांत बसतं. पहिल्या इंजिनाला त्यामुळे पैसे वाचत नाहीत, हे मी आधीच सांगतो.

बेअरिंग बसवायला प्रेस लागतेच, असंही मेसेजमध्ये म्हटलंय. केसिंग ॲल्युमिनियमचं आहे, ते तापवा. ६२ मिलिमीटर व्यासाचं बेअरिंगचं घर ७५ अंशांनी तापलं की साधारण ०.१ मिलिमीटरने मोठं होतं, आणि बेअरिंग आधी फ्रीझरमध्ये ठेवलेलं असेल तर ते स्वतःच्या वजनाने खाली बसतं. फक्त घरात आधी विचारून घ्या. फ्रीझरमधलं बेअरिंग चालवून घेतील, ओव्हनमधलं केसिंग नाही.

पार्टबद्दल थोडक्यात. बुलेटचे जवळजवळ सगळे मिळतात. म्हैसूरचा कारखाना १९९६ला बंद पडला तरी येझदीचेही बरेच नव्याने बनून येतात. आरएक्सला माल भरपूर, त्यात नकलीही भरपूर. अडचण दर्जाची आहे. पिस्टन घेताना जुना आणि नवा तराजूवर ठेवा. वजनात मोठा फरक असेल तर क्रँकचा तोल बिघडतो आणि हँडल हाताला मुंग्या आणतं.

"धूर म्हणजे इंजिन गेलं" हा मुद्दा सगळ्यात महागात पडणारा आहे, कारण त्यापायी नको ती इंजिनं खोलली जातात. टू-स्ट्रोक गाडीत क्रँककेस हाच पंप असतो, तो हवाबंद लागतो. गिअरबॉक्सच्या बाजूचं क्रँकचं ऑइल सील गेलं की इंजिन गिअर ऑइल ओढतं आणि पांढरा धूर सोडतं. रिंगा मात्र ठणठणीत असतात. मॅग्नेटच्या बाजूचं गेलं तर उलटं होतं: हवा आत जाते, पेट्रोल-हवेचं मिश्रण पातळ होतं, आणि एके दिवशी पिस्टन जाम. बुलेट बरेच दिवस उभी राहिली की ऑइलच्या टाकीतलं ऑइल पंपातून झिरपून क्रँककेसमध्ये उतरतं. पहिल्या किकला धुराचा लोट येतो आणि थोडं चालवल्यावर निवळतो. यासाठी कोणी रिंगा बदलल्या तर पैसे पाण्यात. खोलण्याआधी कॉम्प्रेशन तपासा, प्लग बघा, धूर कधी येतो ते लिहून ठेवा.

व्हिंटेज दर्जाची भीती तर नियम न वाचता घातलेली आहे. जुलै २०२१च्या केंद्रीय नियमांत ५० वर्षांहून जुनी दुचाकी किंवा चारचाकी मूळ रूपात असेल, तिच्या चासी, बॉडी किंवा इंजिनात बदल करणारं मोठं काम झालेलं नसेल, तर ती व्हिंटेज. रोख मूळ रूप बदलण्यावर आहे. त्याच इंजिन नंबरच्या केसिंगमध्ये त्याच जातीचा पिस्टन घालणं म्हणजे दुरुस्ती. दुसऱ्या गाडीचं इंजिन आणून बसवलंत तर मात्र गोष्ट वेगळी, तिथे आधी आरटीओ. आणि 'व्हीए' (व्हिंटेज नोंदणीचा) नंबर घ्यायच्या आधी एक लक्षात घ्या: त्या नोंदणीवर गाडी रोज ऑफिसला नेता येत नाही, फक्त रॅली, प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, पेट्रोल आणि देखभाल.

उरला स्टँडवरचा मंत्र. रिंग सिलिंडरला घट्ट चिकटते ती तिच्या मागे शिरणाऱ्या जळत्या वायूच्या दाबाने. मंद चालणाऱ्या इंजिनात तो दाबच नसतो. होनिंगच्या ताज्या रेषा रिंगेला घासून बसवण्याऐवजी गुळगुळीत चकाकतात, आणि मग रिंग कधीच बसत नाही. वर हवेवर थंड होणारं इंजिन जागेवर उभं, म्हणजे वारा शून्य. जाड ऑइल थंड इंजिनात उलट उशिरा पोचतं; मॅन्युअलमधला ग्रेडच घाला, सुरुवातीला मिनरल (सिंथेटिक नाही). गाडी सुरू झाली, ऑइल फिरतंय याची खात्री झाली की रस्त्यावर काढा. दिंडोरी रोड सकाळी बरा. वेग वाढवा, थ्रॉटल सोडा, परत वाढवा. एका वेगाला चिकटून राहू नका. कसारा घाट आणि मागे बसणारा मित्र, दोन्ही पुढच्या महिन्यात. पहिली फेरी झाल्यावर इंजिन पूर्ण थंड होऊ द्या, हेडचे नट टॉर्क पान्याने पुन्हा तपासा. फोर-स्ट्रोकचं पहिलं ऑइल शंभरेक किलोमीटरांत काढून पांढऱ्या फडक्यातून गाळा. बारीक करडी पूड येणारच. चकत्या किंवा पिवळे कण दिसले तर गाडी बाजूला घ्या आणि बुश (पितळेसारख्या धातूची बेअरिंगची नळी) आधी बघा.