हेल्मेट वाढत्या अंगाचं घेत नाहीत हो!

ऑगस्ट आला की आमच्या इथल्या टेक्सासमधल्या मराठी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो, "फुटबॉलचं सामान घेताना कोच सांगत नाहीत त्या 6 गोष्टी". खाली हात जोडलेले इमोजी आणि 'जास्तीत जास्त पालकांपर्यंत पोचवा'. आजवर मी सोडून दिलं. यंदा तो माझ्या ताईपर्यंत पोचला, तिने भाच्यासाठी त्यात लिहिल्याप्रमाणे एक साइज मोठं हेल्मेट मागवलं आणि वर मलाच फोटो पाठवला, बघ किती छान बसलंय. छान कसलं, पोराच्या भुवया झाकल्या गेल्यात! (फुटबॉल म्हणजे इथला, अमेरिकन, एकमेकांवर आदळायचा. भारतातल्या मंडळींसाठी सांगितलं.) मुलांच्या फुटबॉल लीगच्या इक्विपमेंट डेला, म्हणजे सामान वाटायच्या दिवशी, मी पोरांच्या अंगावर हे सामान चढवायला उभा असतो, त्यामुळे आता गप्प बसवत नाही.

मुद्दा पहिला: "हेल्मेट एक साइज मोठं घ्या, मुलं भराभर वाढतात. आत पोकळी राहिली तर बीनी (लोकरी टोपी) घाला किंवा स्पंज चिकटवा."

अहो, शाळेचा युनिफॉर्म वाढत्या अंगाचा घ्यायचा, पँट आतून दुमडून शिवायची, हे आपल्या रक्तातच आहे, मान्य. पण पँट ढगळ झाली तर पोरगं फार तर बावळट दिसतं. हेल्मेट ढगळ झालं की धडक बसल्यावर ते डोक्यावरच फिरतं, पुढची कड नाकावर येते, समोरचं दिसत नाही, आणि फारच ढिलं असेल तर उडूनच जातं. आतले पॅड डोक्याला सगळीकडून टेकलेले असतील तरच ते धक्का झेलतात, मध्ये हवा असेल तर काय झेलणार?

सीडीसी, म्हणजे अमेरिकेची सरकारी आरोग्य संस्था, तिची 'हेड्स अप' नावाची फुकट माहितीपत्रकं आहेत आणि त्यात फुटबॉल हेल्मेटवर वेगळं पत्रक आहे. मेसेज फॉरवर्ड करायला लागतो तेवढ्याच वेळात वाचून होतं. दुकानात मुलाला सोबत न्या, भुवयांच्या जरा वर मऊ टेपने डोक्याचा घेर मोजा, सीझनमध्ये केस जसे ठेवणार तसेच ठेवून घालून बघा. पॅड आणि डोकं यात फट नको, पुढची कड भुवयांच्या साधारण एक इंच वर, आणि पट्टा लावल्यावर हेल्मेट डोक्यावर सरकायला नको.

आम्ही शेवटची खात्री अशी करतो: समोरची जाळी, म्हणजे फेसमास्क, दोन्ही हातांनी धरायची, पोराला मान ताठ ठेवायला सांगायचं आणि हेल्मेट हळूच डावीकडे-उजवीकडे फिरवायचं. कपाळाची कातडी हेल्मेटबरोबर ओढली गेली पाहिजे. कातडी जागच्या जागी आणि हेल्मेट एकटंच गरगरतंय, तर ते काढा आणि लहान साइज आणा. गालाचे पॅड गालाला टेकलेले हवेत. हवा भरायचं मॉडेल असेल तर पंपाची सुई ग्लिसरीनमध्ये बुडवून मगच घालायची, नाहीतर आतला व्हॉल्व्ह फाटतो, आणि ही हवा एकदा भरून भागत नाही, ऑगस्टच्या उकाड्यात भरलेली नोव्हेंबरच्या थंडीत बसलेली असते. पोरं "टाइट होतंय" म्हणून कुरकुरतात, कुरकुरू देत. घट्ट वाटायलाच हवं. एका जागी टोचत असेल, डोकं दुखत असेल तर मात्र साइज किंवा पॅड चुकलाय.

आणि तो स्पंज! हेल्मेटची नॉक्सी (NOCSAE) या खेळाच्या सामानाची सुरक्षा-मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या स्टँडर्डप्रमाणे टेस्ट होते (1973 पासून आहे हे स्टँडर्ड), ती कंपनीच्या पॅडसकट होते, तुमच्या भांडी घासायच्या स्पंजसकट नाही.

चिन स्ट्रॅपचा मुद्दा याचाच भाऊ. "गळा आवळतो म्हणून पट्टा ढिला ठेवा." पट्टा गळ्याला नसतोच, हनुवटीला असतो, मधोमध. पट्टा लावून पोराला मोठ्ठी जांभई द्यायला सांगा, हेल्मेट डोक्यावर खाली ओढलं गेलं पाहिजे. नाही गेलं तर पट्टा आवळा. झालं.

तिसरा: "पाच स्टारचं हेल्मेट घेतलं की कन्कशन (डोक्याला धक्का बसून मेंदूला होणारी इजा) होत नाही, निश्चिंत राहा."

ओरिजिनल मेसेजमध्ये हे ठळक अक्षरात आहे. व्हर्जिनिया टेक विद्यापीठ हेल्मेट तपासून देतं ते हे स्टार, 2011 पासून आहेत आणि उपयोगाचे आहेत, हे मी नाखुशीने का होईना मान्य करतो, परवडत असेल तर जास्त स्टारवालं घ्या. पण सीडीसी स्वच्छ सांगते, कन्कशन-प्रूफ हेल्मेट अस्तित्वातच नाही. हेल्मेट कवटी फुटण्यापासून वाचवतं. कन्कशन होतं ते डोक्याला हिसका बसून मेंदू आतल्या आत हलतो त्याने, तिथे बाहेरचं कवच कितीसं पुरणार. या 'निश्चिंत'चीच मला भीती वाटते, कारण मग पोरगं धडकून गरगरलं तरी बाबा बाकावरून ओरडतात, काही नाही रे, भारीवालं हेल्मेट आहे, जा खेळ. वॉशिंग्टन राज्यात 2006 साली झॅकरी लिस्टेड नावाचा 13 वर्षांचा मुलगा असाच डोक्याला मार लागल्यावर त्याच मॅचमध्ये परत उतरला आणि मेंदूत रक्तस्राव होऊन कायमचा अधू झाला. त्याच्या नावाचा कायदा 2009 मध्ये आला: कन्कशनचा संशय आला की मूल मैदानाबाहेर, आणि वैद्यकीय लेखी परवानगीशिवाय परत नाही. नंतर सगळ्या राज्यांनी असे कायदे केले. नुसत्या हेल्मेटने कन्कशन टळत असतं तर हे कायदे लागलेच नसते.

"माउथगार्डने (दातांवर बसवायचं कवच) कन्कशन टळतं" हाही त्याच जातीचा. असा दावा करून माउथगार्ड विकणाऱ्या ब्रेन-पॅड कंपनीला 2012 मध्ये सरकारच्या एफटीसीने (खोट्या जाहिरातींवर कारवाई करणारी संस्था) तो दावा बंद करायला लावला होता. माउथगार्ड हवाच, पण दात, ओठ, जीभ यांच्यासाठी. उकळत्या पाण्यात टाकून चावून बसवायचा साधा चालतो. चघळून चघळून चोथा झाला की नवा घ्या.

"शोल्डर पॅड जितके मोठे तितकी सुरक्षा." नाही. खांद्याच्या टोकापासून टोकापर्यंत पाठीमागून मोजा आणि त्या मापाचे घ्या. घालून दोन्ही हात वर करायला लावा. गळ्याशी पॅड रुतले तर लहान आहेत, आणि सगळा सांगाडाच कानापर्यंत वर गेला, मान हेल्मेटला अडली, तर मोठे आहेत किंवा बाजूचे पट्टे ढिले आहेत. मांडी-गुडघ्याच्या पॅडबद्दल मेसेजमध्ये काहीच नाही, देवाची कृपा.

राहिला सहावा, "वापरलेलं हेल्मेट कधीच घेऊ नका". हे अर्धं बरोबर आहे. मार्केटप्लेसवरून अनोळखी माणसाकडून 40 डॉलरला घ्यायचं असेल तर नकोच, ते किती आदळलंय, किती उन्हाळे गाडीच्या डिकीत तापलंय कोणाला माहीत. पण लीगची हेल्मेट वापरलेलीच असतात आणि ती रीकंडिशन होऊन, म्हणजे साफ-दुरुस्त होऊन, पुन्हा टेस्ट आणि सर्टिफाय होऊन येतात, आणि 10 वर्षांपेक्षा जुनी तर रीकंडिशन करणाऱ्यांची संघटना घेतच नाही. तेव्हा लीगने दिलेलं हेल्मेट बघून नाक मुरडण्याआधी ते उलटं करा. आत कुठल्या वर्षी बनलं आणि शेवटचं कधी रीसर्टिफाय झालं ते लेबलवर असतं. लेबल नसेल किंवा वाचता येत नसेल तर इक्विपमेंटवाल्याला तिथेच विचारा, तो चिडला तरी चालेल.