शिळ्या भाताची निगा कशी राखावी

घरचं अन्न म्हटलं की चौकशी संपते. विषबाधा व्हायची ती हॉटेलात, लग्नाच्या पंगतीत, नाहीतर पाणीपुरीच्या गाडीवर. आपल्या ओट्यावर तिची काय बिशाद! ही श्रद्धा टिकवायची तर थोडे कष्ट तुम्हालाही घ्यावे लागतील. सुरुवात भातापासून करू, कारण सकाळच्या फोडणीच्या भाताला नको म्हणणारा मराठी माणूस अजून माझ्या पाहण्यात नाही.

तांदळासोबत शेतातल्या मातीतून एक पाहुणा येतो, बॅसिलस सिरियस नावाचा जीवाणू. तांदूळ चार पाण्यांनी धुतला तरी तो पुरता जात नाही. त्याचे बीजाणू, म्हणजे कवच पांघरून झोपलेली त्याची रूपं, असे चिवट की उकळत्या पाण्यात भात शिजतो, ते शिजत नाहीत. उलट त्या उष्णतेने काही जागेच होतात. म्हणून भात शक्यतो पातेल्यात करा. कुकरमध्ये वाफ कोंडून तापमान १२० अंशांच्या आसपास जातं आणि बिचाऱ्यांचे फार हाल होतात. कुकरच लावणार असाल तर निदान वाढताना खरकटा चमचा भातात पुन्हा खुपसा, म्हणजे नुकसान थोडं भरून निघेल.

आता उरलेला भात. तो परातीत पसरून पटकन गार करायचा आणि तासा-दोन तासांत फ्रिजमध्ये टाकायचा, असली घाई कृपया करू नका. गरम पदार्थाने फ्रिज बिघडतो, हे फ्रिज घरात आला त्या दिवसापासून आपण ऐकतोय. फ्रिज महाग असतो, आतडी जन्मतःच फुकट मिळालेली असतात. तेव्हा पातेलं गच्च झाकून ओट्यावर ठेवा. भाताचा ढीग आतून कितीतरी वेळ कोमट राहतो. साधारण ५ ते ६० अंश हा जंतूंच्या सुखाचा पट्टा, आणि मे महिन्यातलं आपलं स्वयंपाकघर त्याच्या बरोब्बर मधोमध बसतं. रात्री दहाला झाकलेला भात सकाळी आठला उघडलात, तर दहा तास झाले. चाळीस मिनिटांना एकदा दुप्पट असा माफक हिशोब धरला तरी एकाचे ३२ हजार ७६८ होतात. बुद्धिबळाच्या पटावरच्या तांदळाची गोष्ट लहानपणी ऐकली होती ना? तीच, फक्त या खेपेला दाणे वाढत नाहीत, दाण्यांवरचे वाढतात.

सकाळी कांदा, मिरची, शेंगदाणे, हळद घालून चरचरीत फोडणी द्या आणि म्हणा, “एवढ्या आचेवर काय शिल्लक राहतंय!” म्हणण्यात अर्धं तथ्य आहे. जीवाणू बहुतेक मरतात. पण रात्रभर बसून त्यांनी सेरेउलाइड नावाचं जे विष करून ठेवलं, ते १२१ अंशांवर दीड तास ठेवलं तरी शाबूत राहतं. आपली फोडणी पाच मिनिटांची. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनमधल्या चिनी उपाहारगृहांत हाच प्रकार झाला. फ्रिजमधल्या भाताचे गोळे होतात म्हणून शिजवलेला भात बाहेरच ठेवायचे आणि मागणी आली की अंडं घालून झटपट परतायचे. गिऱ्हाईकं उलट्या करत सुटली, तेव्हा कुठे या जीवाणूचं नाव गाजलं. त्यांना हळद-हिंगाचं माहात्म्य ठाऊक नव्हतं, असं आपण समजू.

चाचणी म्हणून भाताचा वास घ्या. हे फार महत्त्वाचं. या विषाला वास नाही, चव नाही, त्यामुळे भात हमखास पास होतो. मात्र जिथे जीभ खरं सांगते तिथे तिचं मुळीच ऐकू नका. दुधीचा रस कडू लागला तर तो कुकुरबिटासिन या विषामुळे लागतो, आणि भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या समितीने असा रस पिऊ नये असं बजावलंय. पण कडू ते औषधी, हे आपलं शास्त्र जुनं आहे. नाक दाबा आणि ग्लास रिकामा करा.

बाकी किरकोळ. चिकन नळाच्या जोरदार धारेखाली धुवा, म्हणजे शेजारी निथळत ठेवलेल्या कोथिंबिरीवरही तुषार उडतात. दिवाळीतलं चकल्यांचं तेल गाळून ठेवा. त्यात पुऱ्या, मग भजी, आणि तळाशी काळं उरेल ते भाजीच्या फोडणीला. १ जुलै २०१८ पासून तळणीच्या तेलात ध्रुवीय संयुगं, म्हणजे तेल पुन्हा पुन्हा तापवून बिघडलं की त्यात साठणारी द्रव्यं, २५ टक्क्यांवर नकोत असा सरकारी नियम आहे, पण तो धंदेवाल्यांना. आपल्याकडे ती मोजायचं यंत्रच नसल्यामुळे टक्केवारीचा प्रश्न येत नाही.

एवढं करून कुणाला काही झालंच, तर तपास कसा करायचा तेही सांगतो. आमच्याकडे एका रविवारी नऊला फोडणीचा भात झाला. मी दोनदा घेतला, चांगलाच झाला होता. अकराच्या सुमारास धाकट्याला उलटी झाली, पाठोपाठ मला, आणि बारापर्यंत न्हाणीघरासमोर रांग लागली. या जीवाणूची उलटी खाल्ल्यापासून एक ते सहा तासांत होते, हे मी ओणव्यानेच सगळ्यांना सांगितलं. कुणी लक्ष दिलं नाही. आत्याने दाराबाहेरून एकच प्रश्न विचारला, “परवा पाणीपुरी कुणी कुणी खाल्ली?” दोन हात वर झाले. आजारी पाच होते, पण दोन हातांवर निकाल लागला आणि गाडीवाल्याला त्याच्या गैरहजेरीत शिक्षाही ठोठावली गेली.

संध्याकाळी जरा उठून बसलो तेव्हा आईने कपाळावर हात ठेवला. म्हणाली, “बाहेरचं खाऊ नका म्हणून किती सांगते. आता पोटाला हलकंच दे काहीतरी. थांब, सकाळचा भात राहिलाय ओट्यावर, त्यात ताक घालून देते.”