फॉगचं बलून आणि निमोचा देश

सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की जुन्या साहसकथांवरच्या सिनेमांना टाळ्या पिटणारे मूळ कादंबरी उघडूनही बघत नाहीत आणि मी त्यांच्या उत्साहाला खतपाणी घालतो. पुरावा म्हणून तुम्ही ज्यूल व्हर्नच्या 'अराउंड द वर्ल्ड इन एटी डेज'चा नायक फिलियस फॉग याचं बलून पुढे केलंत. कादंबरीत फॉग बलूनमध्ये बसतच नाही, हे खरं. ते १९५६च्या सिनेमाने आणलं आणि पुढे थेट पुस्तकाच्या मुखपृष्ठांवर जाऊन बसलं.

पण हे आवर्जून सांगत कोण फिरतं? चाहतेच! 'पुस्तकात असं नाहीये' म्हणण्यात त्यांना जो आनंद मिळतो, तो न वाचता मिळत नाही. काही जण वाचत नाहीत, कबूल. नसतील वाचत.

आणि मोडतोडीचंच म्हणाल, तर खुद्द ज्यूल व्हर्नने १८७४ साली नाटककार अदोल्फ देनरीबरोबर याच कादंबरीचं नाटक केलं. त्यात मुळात नसलेली पात्रं घुसवली, पॅरिसच्या रंगमंचावर जिवंत हत्ती आणला. लोक तुटून पडले. तेव्हा प्रसंग बदलले म्हणून मी कुणावर चिडत नाही.

माझा राग वेगळ्या जागी आहे. पाणबुडीवाला कॅप्टन निमो मुळात कोण, हे 'ट्वेंटी थाउजंड लीग्ज अंडर द सी'मध्ये व्हर्न सांगत नाही. ते कळतं त्याच्याच नंतरच्या 'मिस्टीरियस आयलंड' कादंबरीत: बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कार, १८५७च्या उठावात लढून सर्वस्व गमावलेला. १९५४च्या डिस्नीपटात जेम्स मेसनने निमो झकास केलाय, पण त्याला देशच नाही. इंग्रजांवरचा त्याचा दात कुठल्या कुठे गेला. तुमच्या मोजपट्टीने हा सिनेमा निर्दोष ठरेल, कारण पहिल्या कादंबरीत देशाचं नाव नाहीच. उलट १९१६च्या मूकपटाने दोन्ही कादंबऱ्यांची बिनधास्त सरमिसळ केली आणि निमोला हिंदुस्थानी राजपुत्र ठेवलं. यातला मुळाशी जास्त इमानी कोण?

२००३च्या 'द लीग ऑफ एक्स्ट्राऑर्डिनरी जंटलमेन'ची गोष्टही तशीच. सिनेमा म्हणून फसलेला, व्हर्नच्या कथानकाशी देणंघेणं नाही, तरी नसीरुद्दीन शाह निमो म्हणून समोर आले की मी सरसावून बसतो. या टाळ्यांना तुम्ही अडाणी म्हणणार असाल तर म्हणा, त्यात माझीही एक धरा.

अलेक्झांडर द्यूमाच्या 'थ्री मस्केटिअर्स'बद्दल मात्र आपलं जमेल. खलनायिका मिलेडीचा शिरच्छेद गाळून १९९३च्या सिनेमाने तिला स्वतःच कड्यावरून उडी मारायला लावली. नायकांचे हात स्वच्छ राहिले आणि कादंबरीतला सगळ्यात अस्वस्थ करणारा प्रसंग गेला. तिथे तुमच्याइतकाच मीही वैतागलो होतो.