बुधवारी कपडे धुणाऱ्या व्यक्तीस

चिठ्ठी ड्रायरच्या काचेवर होती. चारही कोपऱ्यांना चिकटपट्टी, ओळी पट्टीनं आखल्यागत सरळ. 'बुधवारी संध्याकाळी कपडे धुणाऱ्या व्यक्तीस : वापर झाल्यावर ड्रायरची जाळी साफ करावी. तुमची आई इथे कामाला नाही.' खाली सही 'शेजारी', आणि सहीखाली एक हसरा चेहरा.

आता मुद्दा असा की मी ड्रायर वापरतच नाही. सुती कुर्ते एकदा त्यात टाकले की बाहुलीला होतात. माझे कपडे शेजारच्या वाळवायच्या कपाटात जातात. उभं, उंच कपाट, आत दांड्या आणि खालून गरम वारा. पण ड्रायरच्या जाळीवर मात्र पांढऱ्या लवेचा बोटभर थर साचलेला, आणि त्याचं बिल माझ्या नावावर.

स्टॉकहोमच्या उपनगरातली आमची इमारत १९६५ ते १९७४ च्या दरम्यानची. त्या काळात स्वीडनच्या सरकारनं दहा लाख घरं बांधायची असं ठरवलं आणि खरोखरच बांधली. घरात मशीन नसलं तरी चालेल, पण तळघरात सामायिक धुलाईखोली हवीच, असा इथला रिवाज. पैसे लागत नाहीत, भाड्यातच येतं सगळं. माझी मावसबहीण अमेरिकेत कपडे धुवायला क्वार्टरची नाणी जमवत हिंडते, तिच्यासमोर मी ही फुशारकी बरेच दिवस मारली. नाणी परवडली, असं आता म्हणायची वेळ आली आहे.

वेळ आरक्षित करायला भिंतीवर एक फळा असतो. त्यावर तारखा, वेळा आणि भोकं. प्रत्येक घराला एक छोटं कुलूप मिळतं, त्यावर घराचा नंबर. हव्या त्या भोकात ते बसवायचं, किल्ली फिरवायची, झालं. बुधवारी कोण धुतंय हे त्यामुळे सगळ्या इमारतीला फळ्यावर वाचता येतं. तरीही चिठ्ठी 'व्यक्तीस'! आणि फळ्याभोवतीच्या बाकीच्या सगळ्या चिठ्ठ्या स्वीडिशमध्ये : पावडर सांडू नका, वेळ संपली की मशीन सोडा, खिडकी लावा. ही एकच इंग्रजीत. आमच्या जिन्याच्या तळाशी आडनावांची पाटी आहे. सगळ्या 'सन'वाल्यांच्या गर्दीत एकच आडनाव 'कर'वालं. तेव्हा ते इंग्रजी कुणाच्या सोयीसाठी होतं, हे कळायला स्वीडिश यावं लागत नाही. आणि मला स्वीडिश येतं, संध्याकाळच्या वर्गांना जाऊन शिकले आहे.

आईचा उल्लेखही तसा वैयक्तिक नव्हे म्हणे. ते वाक्य इथं ठरलेलं आहे, ऑफिसातल्या सिंकवरसुद्धा लावलेलं असतं. पण माझी आई खरंच इथे कामाला असती तर काय झालं असतं, याचा या लोकांना अंदाज नाही. तिनं पहिल्या आठवड्यात प्रत्येक मजल्यावर जाऊन दार वाजवलं असतं, कुणाचं काय चुकतं ते सांगितलं असतं आणि जाताना वर पडदे कधी धुतले होते हेही विचारलं असतं.

मी चिठ्ठीसमोर धुमसत उभी असतानाच दुसऱ्या मजल्यावरचे आजोबा आले. सात वाजल्यापासूनची वेळ त्यांची, सात वाजायला बराच अवकाश होता, पण इथं लोक वेळेआधी येऊन वेळ होण्याची वाट बघतात. एका हातात कपड्यांची निळी पिशवी, दुसऱ्या हातात पट्टा, पट्ट्याच्या टोकाला कुत्रा. कुत्र्याला त्यांनी दाराबाहेर बसवलं. कुत्रा मोठा, केसाळ आणि पांढराशुभ्र.

मी न राहवून म्हटलं, "ही चिठ्ठी बघा. मी ड्रायर वापरत नाही."

त्यांनी खिशातून चष्मा काढला, पुसला, लावला. चिठ्ठी वाचली. परत पहिल्यापासून वाचली. मग ड्रायरची जाळी उपसून बाहेर काढली आणि लवेचा थर नखानं एका कडेनं सोडवत अख्खा सोलून काढला. ट्यूबलाइटसमोर धरला. दोन बोटांत चोळला. वास घेतला. माझ्या नशिबी असा शिस्तशीर पंचनामा गावाकडच्या जमिनीच्या भानगडीतही कधी आला नव्हता.

"हे सुती नाही," ते म्हणाले.

"मग लोकर?"

"लोकरही नाही." बराच वेळ गेला. "केस आहेत."

"कुत्र्याचे?"

आजोबा मूळचे उत्तरेकडचे, उमिओचे. तिकडची माणसं 'हो' म्हणायला तोंड उघडत नाहीत, ओठांचा चंबू करून हवा झर्रकन आत ओढतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी त्यांना दमा आहे असं समजून खुर्ची आणायला धावले होते.

"श्शुप्," आजोबा म्हणाले.

"तुमच्याकडे कुत्रा आहे ना?"

"श्शुप्."

"पांढरा?"

त्यांनी मान वळवून दाराबाहेर खात्री करून घेतली. "पांढरा."

आता सगळं उलगडलं, माफी येणार, कदाचित कॉफीसुद्धा, म्हणून मी गप्प राहिले. आजोबाही गप्प. इथं गप्प बसण्याच्या स्पर्धेत आपण जिंकणं शक्य नाही. शेवटी मीच म्हटलं, "म्हणजे हे केस तुमच्या कुत्र्याचे."

"कुत्रा ड्रायरमध्ये जात नाही," ते शांतपणे म्हणाले.

"त्याचं पांघरूण?"

"पांघरूण जातं."

"मग?"

ते परत चिठ्ठीकडे वळले, एका शब्दावर बोट ठेवलं. "पण पांघरूण मंगळवारी जातं. इथे बुधवार लिहिलंय."

त्या माणसाच्या चेहऱ्यावर लबाडी तिळमात्र नव्हती. मंगळवारचे केस ही एक बाब, बुधवारची चिठ्ठी ही दुसरी बाब, आणि दोन्ही बाबी आपापल्या जागी पूर्ण. मी शेवटचा उपाय म्हणून भिंतीवरची नियमावली दाखवली. जनावरांची पांघरुणं धुवायला बंदी आहे ना?

आजोबांनी तीही वाचली, अगदी तळाच्या ओळीपर्यंत. "घोड्यांची," ते म्हणाले. "घोड्यांची पांघरुणं, असं लिहिलंय."

खरोखर तसंच लिहिलेलं होतं. मग त्यांनी तो केसांचा पापुद्रा नीट घडी घालून कचऱ्याच्या डब्यात टाकला, जाळी बसवली आणि स्टुलावर बसून सात वाजायची वाट बघू लागले. चिठ्ठी जागच्या जागी.

पुण्यात आमच्या वाड्याच्या जिन्याखाली पाटी होती : 'येथे सायकल लावणाऱ्याची हवा काढली जाईल. हुकमावरून.' तिच्यात अपमान होता, पण त्याचा मालकही होता. वर जाऊन भांडता यायचं. इथं कुणाशी भांडू? 'शेजारी' या सहीत सगळी इमारत येते आणि कुणीच येत नाही. ही माणसं घराबाहेर पडण्याआधी दाराच्या भिंगातून बघतात, जिन्यात कुणी असेल तर ते खाली उतरेपर्यंत थांबतात. लिफ्टमध्ये हवामानावर एक वाक्य बोलायचं तरी घाम फुटतो त्यांना. माझं नाव त्यांना माहीत नाही, नवऱ्याचं नाही. माझा बुधवार मात्र तोंडपाठ आहे. आणि एवढं करून हसरा चेहरा! त्या चेहऱ्यामुळे तर उलट उत्तरही देता येत नाही. दिलं, तर आपणच भांडखोर.

चिठ्ठी काढून टाकावी, तर चोराच्या मनात चांदणं. राहू द्यावी, तर गुन्हा कबूल. तिच्या बाजूला आपली चिठ्ठी लावावी म्हणून मी कागद घेऊन बसले, 'कुत्रा माझा नाही' एवढंच लिहिलं. नवऱ्यानं ते वाचलं आणि विचारलं, "हे लावल्यावर आजोबांकडे बघशील कशी?" त्याला या वयात सगळ्यांशी बरं राहायचं असतं. कागद फ्रीजवर पडून आहे.

परवाच्या बुधवारी खाली गेले, तर जाळीवर पुन्हा तसाच पांढरा थर. मशीन सुरू करायच्या आधीच मी तो फोटोत घेतला. मग साफ केला, कारण न करून सांगते कुणाला? वर येऊन नवऱ्याला फोटो दाखवला. तो म्हणाला, "जाऊ दे ना, तू गुरुवार घे."

"मी का घेऊ? कुत्र्याला सांग वार बदलायला."

"कुत्र्याचा मंगळवार आहे," नवरा म्हणाला. "चिठ्ठी बुधवारची आहे."

त्या रात्री त्याची भाजी मी फ्रीजमधूनच ताटात वाढली.