केस विंचरत नाहीत का या बाई?

मागच्या ऑक्टोबरची गोष्ट. आई तेव्हा आमच्याकडे न्यू जर्सीला आली होती. लेकीच्या शाळेत पालकसभा होती आणि आजीलाही नातीची शाळा बघायची होती. लेकीच्या वर्गशिक्षिका ब्लॅक आहेत. केस कापसाच्या बोंडासारखे फुललेले, डोक्याभोवती काळाभोर भरगच्च गोल. आई बाकावर टेकली आणि चेहऱ्यावरचं हसू जराही ढळू न देता गोड आवाजात मला म्हणाली, "केस विंचरत नाहीत का गं या बाई?"

परदेशात मराठी म्हणजे आपली खासगी भाषा, या भ्रमात आपण सगळेच असतो. बाईंनी सहज विचारलं, आजी काय म्हणाल्या? "त्यांना तुमचा वर्ग फार आवडला" असं मी म्हणणार, एवढ्यात आमची आठ वर्षांची दुभाषी सांगून मोकळी झाली. शब्दन् शब्द.

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. बाई मात्र हसल्या. लेकीला म्हणाल्या, "आजींना सांग, विंचरते की. रविवारी. चार तास लागतात."

चार तास ऐकल्यावर आईचा नूरच बदलला. मग लेक मध्ये आणि दोन्हीकडे दोन बायका. असे घट्ट वळणाचे केस कोरडे असताना विंचरले तर तुटतात. म्हणून ते ओले करून, कंडिशनर चोपडून, आधी बोटांनी आणि मग मोठ्या दातांच्या फणीने, टोकाकडून मुळाकडे सोडवायचे. डोक्यावरचं नैसर्गिक तेल सरळ केसावरून जसं खाली उतरतं तसं त्या वेटोळ्यांवरून उतरत नाही, म्हणून टोकं कोरडी पडतात आणि वरून तेल, शिया बटर लावावं लागतं. रोज धुवायचे नाहीत. रात्री सॅटिनची टोपी घालून झोपायचं. आई मान डोलवत होती. तिच्या लहानपणी रविवार म्हणजे न्हाणं. बंबाचं पाणी, शिकेकाई, डोळ्यांत गेली की बोंब, आणि मग आजीच्या पुढ्यात बसून खोबरेल. बाईंच्या घरीही तेच, आईच्या गुडघ्यांमध्ये डोकं आणि हललं की फणीचा टोला. चार तासांचं न्हाणं करणारी बाई गबाळी असू शकत नाही, हे आईला माझ्यापेक्षा लवकर कळलं.

माझ्यापेक्षा, हे मुद्दाम लिहितेय. आई सत्तरीची आहे, ती पहिल्यांदा असे केस इतक्या जवळून बघत होती. मी इथे पंधरा वर्षं आहे. नवीन नोकरीत असताना शेजारच्या टेबलावर एक ब्लॅक सहकारी होती. एरवी केस मोकळे, फुललेले. एके दिवशी ती सरळ, चमकदार केसांनी आली आणि मी अगदी मनापासून म्हणाले, "आज किती नीटनेटकी दिसतेस!" तिने केस मागे सारून कान दाखवला. वरच्या कडेला लालभडक चट्टा होता, गरम फणीचा. "थँक यू," म्हणाली, आणि कामाला लागली. मी कौतुक केलं होतं! रोजची ती मला कशी दिसत होती हे त्या कौतुकातच मी तिला सांगून टाकलं, हे समजायला मला काही वर्षं लागली.

हा "नीटनेटकं" शब्द तेव्हापासून माझ्या डोक्यातून जात नाही. कारण या बायकांच्या केसांवर जेव्हा जेव्हा कुणी बोट ठेवलंय, तेव्हा रंगाचं नाव क्वचितच घेतलंय. नाव घेतात ते शिस्तीचं, स्वच्छतेचं, व्यवस्थितपणाचं. पूर्वी तेवढी लाज तरी कुठे होती म्हणा. 1786 साली न्यू ऑर्लिन्सवर स्पेनची सत्ता होती. तिथला गव्हर्नर मिरो याने फर्मान काढलं की गुलाम नसलेल्या, मुक्त कृष्णवर्णीय बायकांनी केस फडक्याने झाकून घ्यावेत. त्या फार नटतात, केसांत पिसं आणि दागिने माळतात, गोऱ्या बायकांशी बरोबरी करतात, हे दुखणं होतं. बायकांनी केस झाकले. पण असे रंगीत, असे तोऱ्यात बांधलेले फेटे की तीच फॅशन झाली. हे वाचलं तेव्हा मी एकटीच स्वयंपाकघरात हसले होते.

पुढचं मात्र हसण्यासारखं नाही. 1981 मध्ये एका ब्लॅक महिलेने अमेरिकन एअरलाइन्सवर खटला भरला होता. तिच्या डोक्यावर बारीक, कवटीला चिकटून घातलेल्या वेण्या होत्या, ज्यांना कॉर्नरोज म्हणतात, आणि कंपनीच्या नियमात त्या बसत नव्हत्या. न्यायालय कंपनीच्या बाजूने गेलं. निकालात तर असंही आलं की ही केशरचना एका गोऱ्या नटीने सिनेमात केल्यानंतर लोकप्रिय झाली. म्हणजे पिढ्यान् पिढ्या आया मुलींच्या डोक्यावर घालत आल्या ते मोजायचं नाही! 2010 मध्ये अलाबामात एकीला मिळालेली नोकरी हातची गेली, कारण तिने लॉक्स, म्हणजे पिळून दोरीसारख्या केलेल्या बटा, कापायला नकार दिला. 2016 मध्ये वरच्या न्यायालयाने तिच्याविरुद्ध निकाल दिला. युक्तिवाद असा की कातडीचा रंग बदलता येत नाही, केशरचना बदलता येते, म्हणून हा वंशभेद नव्हे.

बदलता येते. वाचायला किती सोपं वाटतं ना? न्यू जर्सीतल्या आपल्या लोकांना मी एवढंच आठवण करून देईन की 1987 मध्ये इथल्याच जर्सी सिटीत डॉटबस्टर्स नावाची टोळी होती. नाव पडलं ते आपल्या बायकांच्या कपाळावरच्या टिकलीवरून. भारतीयांना इथून हाकलून लावू, अशी धमकी त्यांनी तिथल्या वर्तमानपत्राला पत्र पाठवून दिली होती, आणि माणसांवर हल्लेही झाले. त्या काळी इथे आलेल्या एक मावशी सांगतात, दुकानात जाताना गाडीच्या आरशात बघून टिकली काढायची आणि परत आल्यावर लावायची. टिकलीसुद्धा बदलता येतेच की. एका सेकंदात निघते.

कुणी म्हणेल, केसांवरून आम्हालाही बोललेत. खरंय. माझेही कुरळे आहेत. शाळेत "सत्यसाईबाबा" हे नाव मला सहा वर्षं चिकटलं होतं. तेल थापून दोन घट्ट वेण्या वर बांधल्या नाहीत तर प्रार्थनेच्या वेळी बाजूला उभं करायचे. दिवेलागणीला केस सोडून बसलं की आजी ओरडायची, अवदसा आठवली का म्हणून. लग्नाआधी मी स्ट्रेटनिंग करून घेतलं, त्या पार्लरमधल्या वासाने डोळ्यांतून पाणी येत होतं. पण माझ्या केसांपायी माझी नोकरी गेली नाही आणि कुठल्या न्यायाधीशाने त्यावर पानं लिहिली नाहीत. दोन्ही गोष्टी एका तराजूत घालायला मी तयार नाही.

त्या वासावरून आठवलं. केस सरळ करणाऱ्या रसायनांबद्दल 2022 च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तेहतीस हजारांहून अधिक बायकांचा. वर्षात चारपेक्षा जास्त वेळा ही उत्पादनं वापरणाऱ्यांमध्ये गर्भाशयाच्या कर्करोगाचं प्रमाण न वापरणाऱ्यांच्या दुपटीहून जास्त आढळलं. त्यात संबंध दिसला, कारण सिद्ध झालं असं नाही, आणि आकडे लहानच आहेत: सत्तरीपर्यंत न वापरणाऱ्यांत 1.64 टक्के, वारंवार वापरणाऱ्यांत 4.05. पण ही उत्पादनं वापरणाऱ्यांत सुमारे 60 टक्के बायका ब्लॅक होत्या. नीटनेटकं दिसण्याची किंमत कोण भरतंय ते बघा.

लॉक्सचा विषय निघाला की आपल्याकडे हमखास एक शब्द येतो: जट. माझ्या मावसभावाने टाइम्स स्क्वेअरमध्ये एका बाईकडे बघून तो मोठ्याने उच्चारला होता. आपल्याकडे जटेचा इतिहास वाईटच आहे. केसांत गुंता झाला की देवीचं बोलावणं आलं म्हणायचं आणि पोरीला यल्लम्माला सोडायचं. त्या जटा सोडवायला अंनिसचे कार्यकर्ते आजही गावोगाव फिरतात, आणि ते काम मोलाचं आहे. पण लॉक्स म्हणजे जट नव्हे. ते ठरवून, भाग पाडून, पिळून केलेले असतात, धुतले जातात, मुळाशी नवा वाढलेला केस दर काही आठवड्यांनी पुन्हा वळवावा लागतो. जटेत त्या मुलीला कुणी विचारत नाही. इथे तिने स्वतः ठरवलेलं असतं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात 2022 पासून केतांजी ब्राउन जॅक्सन बसतात, त्यांचे केस बघा. बारीक लॉक्सच आहेत.

कायदे बदलतायत. कॅलिफोर्नियाने 2019 च्या जुलैमध्ये क्राउन अॅक्ट केला, केसांचा पोत आणि वेण्या, लॉक्स, ट्विस्ट यांवरून नोकरीत आणि शाळेत भेदभाव करायचा नाही म्हणून. आमच्या न्यू जर्सीचा कायदा त्याच वर्षी 19 डिसेंबरला आला. बरोबर एक वर्ष आधी, त्याच तारखेला, इथल्या एका शाळकरी मुलाला कुस्तीच्या मॅटजवळ उभं करून त्याचे लॉक्स कापले होते. पंच म्हणाले होते, केस काप नाहीतर सामना सोड. तो व्हिडिओ मी एकदाच बघितला, पुन्हा बघवला नाही. आता वीसहून अधिक राज्यांत असा कायदा आहे. देशभराचा कायदा 2022 मध्ये प्रतिनिधीगृहात मंजूर झाला आणि सिनेटमध्ये अडकला. मिशेल ओबामांनीही त्याच वर्षी सांगितलं की व्हाइट हाउसमध्ये असताना वेण्या घालाव्यात असं त्यांच्या मनात आलं होतं, पण देश त्याला तयार नाही असं वाटून त्यांनी केस सरळच ठेवले. आठ वर्षं!

आपल्या पॉटलकमध्ये, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणात, ब्लॅक लोकांबद्दल कोणते शब्द वापरले जातात, ते मी इथे लिहीत नाही. वाचणाऱ्यांना माहीत आहेत. आणि "आम्ही फक्त कुतूहलाने त्यांच्या केसांना हात लावतो" म्हणणाऱ्यांना एक विचारायचंय: लिफ्टमध्ये अनोळखी माणसाने तुमच्या मंगळसूत्राची वाटी उचलून बघितली तर?

त्या दिवशी शाळेतून परतताना आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "बाई गुणी आहे हो." सिग्नलला गाडी थांबली. "तरी मुलांसमोर यायचं तर एकदा वरून फणी फिरवायला काय हरकत होती?" मागच्या सीटवरून लेक ओरडली, "आज्जी, तुटतात!"

आई आता कोल्हापूरला परत गेलीये. दर रविवारी रात्री, म्हणजे आमच्या सकाळी, व्हिडिओ कॉल करते. माझी चौकशी, जावयाची चौकशी, नातीने खाल्लं का. आणि फोन ठेवायच्या आधी हटकून नातीला: "तुझ्या बाईंचं न्हाणं सुरू झालं असेल नाही आता?"