चुकलेल्या पत्त्याचा मेल लगेच परत यायला हवा

ईमेलचा पत्ता टाइप करताना एखादं अक्षर चुकतंच, कुणाचंही चुकतं. प्रश्न आहे तो चूक झाल्याचं पाठवणाऱ्याला कधी कळतं याचा. मी मेल सर्व्हर सांभाळतो आणि या बाबतीत आम्हा मंडळींची जबाबदारी टाइप करणाऱ्यापेक्षा मोठी आहे, असं माझं ठाम मत आहे.

'जीमेल डॉट कॉन' असं पडलं तर नशीबच म्हणायचं. असं डोमेन, म्हणजे पत्त्यातलं '@' नंतरचं नाव, अस्तित्वातच नाही, डीएनएस (इंटरनेटवरच्या नावांची नोंदवही) तसं सांगतो आणि मेल लगेच परत येतो. खरा घोळ होतो तो चुकलेलं नाव दुसऱ्याच कुणाच्या चालू डोमेनचं निघालं की. तिथे मेल घेणारं कुणी नसलं, तर आपला सर्व्हर समजतो की समोरचा थोडा वेळ बंद असेल, आणि प्रयत्न करत राहतो. किती वेळ? निदान चार-पाच दिवस, असं १९८९ च्या आरएफसी ११२३ मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे दस्तऐवज) लिहिलंय आणि २००८ च्या आरएफसी ५३२१ मध्येही तेच आहे. पोस्टफिक्स हा मेल सर्व्हरचा प्रोग्रॅम जसा येतो तसाच ठेवला तर पाच दिवस थांबतो, आणि मधल्या काळात 'मेल अडकलाय' एवढंही कळवत नाही, कारण ती सूचना मुळात बंद असते. सोमवारी पाठवलेलं टेंडर शनिवारी परत येतं. मुदत गुरुवारीच संपलेली असते.

ही सूचना चालू करायला एक ओळ पुरते. दोन-तीन तासांत पाठवणाऱ्याला कळलं, तर तो पत्ता तपासेल किंवा फोन तरी करेल. ज्यांच्या डोमेनवर मेल घेतलाच जात नाही, त्यांनी डीएनएसमध्ये 'नल एमएक्स', म्हणजे 'इथे मेल घेत नाही' असं सांगणारी नोंद टाकावी. २०१५ च्या आरएफसी ७५०५ ने ही सोय दिली आहे. ती असली की चुकून आलेला मेल ताटकळत नाही, तिथल्या तिथे परत फिरतो.

समोरच्याने मेल घेतला तर मात्र काहीच परत येत नाही. अमेरिकी लष्कराचं 'डॉट एमआयएल' लिहिताना एक अक्षर सुटलं की होतं 'डॉट एमएल', म्हणजे माली देश. असे चुकलेले मेल तिकडे वर्षानुवर्षं जात होते, त्यांत वैद्यकीय कागद होते, अधिकाऱ्यांच्या प्रवासाचे तपशील होते. जुलै २०२३ मध्ये फायनान्शियल टाइम्सने ते उघड केलं.

आणि आपल्याकडे? सेवा केंद्रावर अर्ज दुसराच माणूस भरतो, घाईत पत्ता चुकतो. त्या पत्त्यावर कार्यालयाने पाठवलेला मेल परत येतो तो 'नो-रिप्लाय'च्या खोक्यात, जे कुणी उघडत नाही. याचा मला खरंच राग येतो. ज्याची शिष्यवृत्ती अडकली, त्या पोराला कारण कधीच कळत नाही. परत आलेले मेल वाचणारा एक छोटा प्रोग्रॅम लिहिणं अवघड नाही, आणि त्या मुलाचा मोबाइल नंबर त्याच अर्जात असतो. त्याच दिवशी एसएमएस जाऊ शकतो.